ध्वजदिन : हुकमाचा की निष्ठेचा?

राष्ट्रध्वजाच्या सन्मानासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवण्याची प्रथा अनेक देशांत आहे. अमेरिकेत हा दिवस १४ जून रोजी पाळला जातो. त्या दिवशी सरकारी इमारतींवर ध्वज चढतात, गावोगावी मिरवणुका निघतात, राष्ट्राध्यक्षांचा जाहीरनामा प्रसिद्ध होतो. मात्र संघराज्याच्या कचेऱ्या नेहमीप्रमाणे उघड्या असतात. ध्वजदिनाला कायद्याची मान्यता असली तरी ती राष्ट्रीय सुट्टी नव्हे. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९३७ मध्ये तो आपल्यापुरता सुट्टीचा दिवस ठरविला, एवढेच. वरवर पाहता हा दिवस निरुपद्रवी आणि काहीसा औपचारिक वाटतो. त्याचा इतिहास मात्र तसा नाही. नागरिकाने आपल्या राष्ट्राच्या चिन्हाला मान द्यावा, हे कोणीही मान्य करील. तो मान शासनाने हुकूम सोडून वसूल करावा काय, या प्रश्नावर मात्र अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ झगडा चालू आहे आणि त्यातले कित्येक महत्त्वाचे प्रसंग १४ जून याच तारखेभोवती घडले आहेत. भारतातील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये अशाच प्रश्नाचा निर्णय देताना या अमेरिकन इतिहासाचा आधार घेतला होता.

दौतीतला ध्वज

अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने १४ जून १७७७ रोजी राष्ट्रध्वजाचा ठराव संमत केला. स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात होते. तांबडे व पांढरे असे एकाआड एक तेरा पट्टे आणि निळ्या क्षेत्रावर तेरा पांढरे तारे, एवढेच तो ठराव सांगतो. तारे कसे मांडावेत याविषयी त्यात अक्षर नाही. ध्वजाचा आराखडा आपण केला, असा दावा स्वातंत्र्याच्या घोषणापत्रावर सही करणाऱ्या फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी १७८० मध्ये केला व मोबदला मागितला. काँग्रेसने तो दिला नाही. बेट्सी रॉस या फिलाडेल्फियाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पहिला ध्वज शिवला ही कथा आज प्रत्येक अमेरिकन मुलाला पाठ असते. पण ती त्यांच्या नातवाने १८७० मध्ये, म्हणजे जवळजवळ शतकानंतर, प्रथम जाहीरपणे सांगितली आणि तिला समकालीन कागदपत्रांचा आधार सापडलेला नाही. जन्मकाळी या ध्वजाभोवती आजच्यासारखे वलय नव्हते, हे यावरून ध्यानात येते. जहाजांवर, किल्ल्यांवर आणि सरकारी इमारतींवर फडकणारी ती एक खूण होती. सामान्य माणसाच्या दारावर ती आली ती मुख्यतः १८६१ च्या यादवी युद्धात, फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्यानंतर.

ठरावाची तारीख साजरी करण्याच्या कल्पनेला जी चालना मिळाली तिचे श्रेय बहुधा एका शाळामास्तराला दिले जाते. विस्कॉन्सिन राज्यातील वॉबीका या खेड्यात बर्नार्ड सिग्रँड हा तरुण शिक्षक होता. १४ जून १८८५ रोजी त्याने आपल्या टेबलावरच्या दौतीत ३८ ताऱ्यांचा एक लहानसा ध्वज उभा केला आणि मुलांना निबंध लिहायला सांगितला : हा ध्वज तुम्हाला काय सांगतो? सिग्रँड पुढे शिकागोत दंतवैद्य झाला, पण ध्वजदिनाचा ध्यास त्याने सोडला नाही. लेख लिहून आणि व्याख्याने देऊन त्याने जन्मभर त्याचा प्रचार केला. पेनसिल्व्हेनियात आणि न्यूयॉर्कमध्येही याच सुमारास इतर मंडळी याच खटपटीला लागली होती. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१६ मध्ये जाहीरनामा काढून १४ जून देशभर पाळण्याचे आवाहन केले, आणि अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ३ ऑगस्ट १९४९ रोजी सही केली. सिग्रँड त्याआधीच, १९३२ मध्ये वारला होता.

या आरंभकथेत एक गोष्ट विशेष आहे. वॉबीकाच्या वर्गात मुलांना विचारला गेला तो एक प्रश्न होता, आणि उत्तर ज्याचे त्याने लिहायचे होते. १९१४ च्या ध्वजदिनी अंतर्गत कारभार खात्याचे (इंटीरियर) सचिव फ्रँकलिन लेन यांनी आपल्या खात्यातील कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषणही याच वळणाचे होते. त्यात ध्वजच बोलतो अशी कल्पना करून त्यांनी सांगितले, की टेबलाशी बसून निवृत्तिवेतनाचे प्रकरण बिनचूक निकालात काढणारा कारकूनही ध्वज घडवीत असतो. लोक आपल्या कामाने जे करतील तेवढेच मोल ध्वजाला असते. ध्वजाविषयी याहून साधे आणि खरे क्वचितच कोणी बोलले असेल.

निष्ठेची कवाईत

पण याच काळात दुसरा प्रवाहही वाहू लागला होता. 'द यूथ्स कम्पॅनियन' या मुलांच्या नियतकालिकाने शाळाशाळांतून ध्वज लावण्याची मोहीम हाती घेतली होती. ते स्वतः ध्वजांची विक्रीही करीत असे. कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने १८९२ मध्ये त्याने ध्वजनिष्ठेची शपथ छापली. ती लिहिणारे फ्रान्सिस बेलामी हे धर्मोपदेशक व समाजवादी विचारांचे गृहस्थ होते. शपथ घेताना उजवा हात ध्वजाच्या दिशेने ताठ पुढे करावयाचा असे. शपथ लोकप्रिय झाली आणि एकेका राज्याने ती शाळांतून सक्तीची केली. परदेशांतून लोंढ्याने येणाऱ्या लोकांच्या मुलांना लवकरात लवकर अमेरिकन करून सोडावे, ही घाई त्यामागे होती.

पहिल्या महायुद्धाने या घाईला धार आणली. १४ जून १९१७ च्या ध्वजदिनाच्या भाषणात विल्सन यांनी युद्धाच्या आड येणाऱ्यांना कडक इशारा दिला आणि दुसऱ्याच दिवशी हेरगिरीविरोधी कायदा अमलात आला. त्यात १९१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ध्वजाविषयी अनुदार बोलणे हाही गुन्हा ठरला. माँटॅना राज्यात तर स्टार नावाच्या एका माणसाला जमावाने ध्वजाचे चुंबन घ्यायला लावण्याचा प्रयत्न केला. त्याने नकार दिला आणि हे रंग लावलेले कापड आहे असे उद्गार काढले. एवढ्या अपराधासाठी त्याला राज्याच्या राजद्रोहाच्या कायद्याखाली १० ते २० वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. याच कायद्याखाली दोषी ठरलेल्या ७८ जणांना त्या राज्याच्या गव्हर्नरांनी मरणोत्तर माफी दिली, तेव्हा २००६ साल उजाडले होते. ज्या ध्वजाचे पट्टे व तारे स्वातंत्र्याची खूण म्हणून काढले होते, त्याच्यासाठी माणसे तुरुंगात गेली, आणि ती त्याचे रक्षण करताना गेली नव्हती, ही विसंगती त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानी आली.

एक तारीख, एक निकाल

प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो शाळेच्याच पटांगणात. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची अशी श्रद्धा आहे की ईश्वराखेरीज कोणालाही वंदन करणे ही मूर्तिपूजा होय. पेनसिल्व्हेनियातील माइनर्सव्हिल येथे या पंथाच्या एका घरातील १२ वर्षांच्या मुलीने व १० वर्षांच्या तिच्या भावाने १९३५ मध्ये ध्वजवंदन नाकारले. शाळेने त्यांना काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९४० रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने शाळेची बाजू उचलून धरली.

तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर संकुचित वृत्तीचे नव्हते. ते व्हिएन्नात जन्मलेले ज्यू, लहानपणी अमेरिकेत आलेले आणि नागरिकांच्या हक्कांसाठी झगडलेले. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा पाया ऐक्य आहे; ते कसे जोपासावे हे लोकनियुक्त मंडळांनी ठरवावे; न्यायालयाने देशभरच्या शाळांचे शिक्षणमंडळ होऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश फौजा माघार घेत होत्या, फ्रान्स कोसळत होता, अशा दिवसांत तो युक्तिवाद बहुतेकांना पटला यात नवल नाही. एकट्या हार्लन स्टोन यांनी मतभेद नोंदविला.

निकालाचे परिणाम मात्र न्यायालयाच्या अपेक्षेबाहेरचे झाले. न्यायालयाने ज्यांना झिडकारले ते देशद्रोहीच असले पाहिजेत, असा अर्थ जमावांनी काढला. अनेक राज्यांत या पंथाच्या लोकांना मारहाण झाली. मेन राज्यातील केनेबंक गावी त्यांचे सभागृह जाळण्यात आले. वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षणमंडळाने जानेवारी १९४२ मध्ये ध्वजवंदन सर्व शाळांना सक्तीचे केले. वंदन न करणारा विद्यार्थी शाळेतून काढला जाई; मग तो शाळेबाहेर आहे म्हणून गैरहजेरीचा दोषी ठरे; आणि मूल शाळेत जात नाही म्हणून आईबापांवर ५० डॉलरपर्यंत दंड व ३० दिवसांपर्यंत कैद यांसाठी खटला भरता येई. मुलांना बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात धाडण्याची धमकीही दिली गेली. याच काळात, ध्वजापुढे ताठ केलेला हात हिटलरच्या सलामीसारखा दिसतो हे पालकांच्या व शिक्षकांच्या संघटनांना खटकू लागले होते. अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर १९४२ मध्ये तो प्रकार बंद करून हात छातीवर ठेवण्याची रीत घालून दिली. हाताची जागा बदलली, सक्ती तशीच राहिली.

वेस्ट व्हर्जिनियातील बार्नेट कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ही सक्ती घटनाबाह्य ठरविली. योगायोग असो वा नसो, निकालाची तारीख होती १४ जून १९४३. देश महायुद्धात होता, हजारो अमेरिकन तरुण त्याच ध्वजाखाली लढत होते आणि न्यायालय सांगत होते, की कोणताही लहानमोठा अधिकारी नागरिकांच्या श्रद्धेचा नमुना ठरवून देऊ शकत नाही व त्यांच्या तोंडून त्याची कबुली वदवून घेऊ शकत नाही. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालपत्रात म्हटले होते, की मतैक्य बळाने घडवू पाहणाऱ्यांच्या पदरी अखेर स्मशानातले ऐक्य पडते. त्यांचा आणखी एक मुद्दा शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ध्वजवंदन ऐच्छिक केले तर देशभक्ती मावळेल, अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या राष्ट्राच्या संस्थांची स्वतंत्र मनावर पकड बसण्याची शक्ती फारच कमी लेखली आहे, असे त्यांनी सुचविले. तीन वर्षांपूर्वी सक्तीच्या बाजूने मत देणाऱ्यांपैकी ब्लॅक, डग्लस व मर्फी हे तिघे न्यायमूर्ती या वेळी आपले मत बदलून विरुद्ध बाजूला उभे होते. जॅक्सन पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ते झाले आणि सक्तीच्या ऐक्याची परिणती काय होते, याचे पुरावे त्यांना तेथे मांडावे लागले.

सक्ती गेल्यावर

या निकालाने ध्वजाचा मान कमी झाला काय? इतिहास तसे दाखवीत नाही. सहाच वर्षांनी ध्वजदिनाला कायद्याची मान्यता मिळाली. १४ जून १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी शपथेत ईश्वराच्या उल्लेखाची भर घालणाऱ्या कायद्यावर सही केली. ती शपथ आजही असंख्य शाळांतून म्हटली जाते, आणि न म्हणण्याचा हक्कही विद्यार्थ्याला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर घरोघरी ध्वज लागले, दुकानांतले ध्वज संपले. त्यासाठी कोणाला परिपत्रक काढावे लागले नव्हते.

वाद मात्र संपला नाही. निषेध म्हणून ध्वज जाळणे हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले. त्यावर उपाय म्हणून झालेला कायदाही १९९० मध्ये रद्द ठरला. त्यानंतर घटनादुरुस्तीचे प्रयत्न वारंवार झाले. २००६ मध्ये सिनेटमध्ये ती अवघ्या एका मताने फसली. १४ जून २०२५ रोजी सैन्याच्या स्थापनेला २५० वर्षे झाल्याबद्दल राजधानीत मोठे संचलन झाले. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा तो ७९ वा वाढदिवसही होता. त्याच दिवशी त्यांच्या कारभाराविरुद्ध देशभर निदर्शने झाली आणि निदर्शकांच्याही हातांत तोच ध्वज होता. ध्वज कोणाचा, सत्तेचा की लोकांचा, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणत्याही न्यायालयाशिवाय मिळाले. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये ध्वज जाळणाऱ्यांवर अन्य कायद्यांखाली खटले भरण्यास अग्रक्रम द्यावा, असा आदेश राष्ट्राध्यक्षांनी काढलाच.

भारतातील धडा

भारताची वाट काही बाबतींत वेगळी आहे. १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंधक कायद्यान्वये राष्ट्रध्वज जाळणे किंवा तुडविणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे. ध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर करणे हे राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने घातलेल्या मूलभूत कर्तव्यांपैकी पहिलेच कर्तव्य आहे. पण जाणूनबुजून अपमान करणे आणि श्रद्धेपोटी एखाद्या विधीत भाग न घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे भारताच्या न्यायालयानेही मान्य केले आहे.

केरळमध्ये 'यहोवाचे साक्षीदार' पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभी राहत, पण गात नसत. एका आमदाराने १९८५ मध्ये हा प्रश्न विधानसभेत काढला. चौकशी समितीने मुलांचे वर्तन निर्दोष ठरविले. तरीही शिक्षण खात्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने त्यांना शाळेतून काढून टाकले. केरळ उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. निकालपत्रात बार्नेट खटल्याचा आधार होता, आणि भारताची परंपरा, तत्त्वज्ञान व राज्यघटना यांतील सहिष्णुता पातळ होऊ देऊ नये असा आग्रह होता. खात्याची सूचना आणि विद्यार्थ्याची सदसद्विवेकबुद्धी यांच्या कात्रीत सापडणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने हे निकालपत्र एकदा वाचावे, असे आहे. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजविण्याची सक्ती करणारा नोव्हेंबर २०१६ चा आपला आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये स्वतःच बदलून ऐच्छिक केला, तोही याच दिशेने टाकलेला पाय होता.

वस्तुतः भारतीयांना हे दुसऱ्या देशाकडून शिकण्याचीही गरज नाही. १९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात राष्ट्रीय ध्वज नेण्यास इंग्रज सरकारने मनाई केली, तेव्हा दिवसामागून दिवस स्वयंसेवक ध्वज घेऊन निघत व तुरुंगात जात. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी त्या झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व केले. त्या ध्वजाला मान मिळाला तो सरकारने दंडुका उगारला असताना, त्या सरकारच्या हुकमाविरुद्ध. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला, त्यामागे ही पुण्याई होती. पुढे सामान्य नागरिकाला वर्षभर आपल्या घरावर ध्वज लावता यावा यासाठी २००२ ची ध्वजसंहिता आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल यावा लागला, ही मात्र खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

आज अडचण वेगळी आहे. भारतात 'ध्वजदिन' म्हटला की ७ डिसेंबर आठवतो. सैनिक व त्यांची कुटुंबे यांच्या कल्याणनिधीसाठी १९४९ पासून पाळला जाणारा हा दिवस आहे. हेतू इतका चांगला की कोणीही आनंदाने खिशात हात घालावा. पण निधीचे उद्दिष्ट वरून जिल्ह्याला आणि जिल्ह्याकडून कचेऱ्यांना व शाळांना ठरवून दिले, की देणगीची वर्गणी होते आणि वर्गणीची वसुली. छोटा ध्वज छातीवर लागतो, पण तो कशासाठी लावला हे विचारले तर उत्तर येतेच असे नाही. २०२२ पासून ऑगस्टमध्ये चालणाऱ्या 'हर घर तिरंगा' मोहिमेने घराघरांत ध्वज नेला, हे स्वागतार्ह आहे. मात्र किती घरांवर ध्वज लागले याचे तक्ते भरण्याचे काम शिक्षकांवर पडले, तर मोजणी ध्वजांची होईल, निष्ठेची होणार नाही. १६ ऑगस्टला रस्त्यावर पडलेले कागदी ध्वज हे त्या फरकाचे प्रत्यंतर आहे. ते जमिनीवर टाकू नयेत असे ध्वजसंहिता स्पष्ट सांगते, आणि ती बहुतेकांनी वाचलेली नसते.

शिस्त आणि निष्ठा यांत गल्लत होते ती अशी. शाळेत रांगेत उभे राहणे, ध्वज वर चढताना शांत राहणे, तो नीट घडी करून ठेवणे हे शिकविलेच पाहिजे. त्याला सक्ती म्हणणे हा कांगावा होईल. पण त्यापलीकडे मनाची कबुली मागण्याचा अधिकार शाळेला नाही आणि सरकारलाही नाही. मागितली तर ती ओठांवरून मिळेल, एवढेच. २२ जुलैला महाराष्ट्रातील शाळा चालू असतात. त्या दिवशी एखाद्या वर्गात ध्वज टेबलावर ठेवून मुलांना त्यांच्या मनातले लिहायला सांगावे, फळ्यावर मुद्दे लिहून देऊ नयेत आणि ज्याला लिहायचे नसेल त्याच्यावर रागावू नये. जे निबंध येतील ते तोडकेमोडके असतील, पण ते त्या मुलांचे स्वतःचे असतील.